एका सुईची चार कामे

पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीला छोटे इंजिन म्हटले की पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल आठवते. १९७२ साली बजाजची चेतक आली आणि त्याच साली कायनेटिकची लुना. दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक. पंपावर ऑइल घालून घ्यायचे, सकाळी गाडी सुरू झाली नाही तर स्कूटर एका बाजूला कलती करायची, तरीही दाद देत नसेल तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, एवढे यंत्रशास्त्र घरोघरी होते. दारात कुणाची गाडी थांबली हे खिडकीतून न बघता आवाजावरून ओळखता येत असे. पुढे धुराचे नियम आले, ते २००० साली आणखी कडक झाले. वेताळ टेकडीवरच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये गाड्यांच्या धुराची मोजमापे होऊ लागली आणि रस्त्यावर फोर-स्ट्रोकचे राज्य आले. त्या इंजिनाला हात लावायची वेळ मालकावर क्वचितच येई. इंजिन ऐकण्याची सवयही त्याबरोबर गेली.

ती सवय अजून जिथे लागते अशा एका कोपऱ्याविषयी मला लिहायचे आहे. रेडिओने चालणाऱ्या छोट्या विमानांना बसवतात ती फोर-स्ट्रोक इंजिने मी गेली अनेक वर्षे पुण्यात घरच्या टेबलावर उघडतो, साफ करतो, जुळवतो. यातले मध्यम आकाराचे इंजिन दहा सीसीचे असते, म्हणजे चेतकच्या पंधराव्या हिश्शाएवढे. तळहातावर मावते. पण त्यात झडपा, रॉकर, पुशरॉड, कॅमशाफ्ट सगळे असते. शाळेच्या पुस्तकात ‘दट्ट्या’ आणि ‘झडप’ या नावांनी भेटलेली मंडळी इथे खरोखर हलताना दिसतात.

मॉडेल विमानांची इंजिनेही बराच काळ बहुतेक टू-स्ट्रोकच होती. ओसाकाच्या ओ. एस. कंपनीने १९७६ साली एफएस-६० हे दहा सीसीचे इंजिन बाजारात आणले आणि फोर-स्ट्रोक प्रकार सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला. सैतो या दुसऱ्या जपानी कंपनीनेही पुढे यात नाव कमावले. फोर-स्ट्रोकला इंधन कमी लागते, ते मोठा पंखा सावकाश फिरवते, आणि त्याचा आवाज टू-स्ट्रोकच्या किंचाळीसारखा नसून खऱ्या विमानासारखा घुमतो. एवढ्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात.

आता या इंजिनाची खरी गंमत. स्कूटरला ठिणगी लागते आणि ती नेमकी केव्हा पडावी हे ठरवणारी यंत्रणा वेगळी असते. इथे ठिणगीच नाही. रे आर्डेन यांनी १९४७ साली अमेरिकेत बाजारात आणलेला ग्लो प्लग इथे चालतो. त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचे इवलेसे वेटोळे असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ते लाल करायचे. इंजिन चालू झाले की सेल काढून घ्यायचा. त्यानंतर मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या रासायनिक क्रियेने व मागच्या ज्वलनाच्या उष्णतेने तार स्वतःच तापलेली राहते. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होते, त्यामुळे तारेला उष्णता जास्त वेळ धरून ठेवावी लागते. म्हणून त्याचे प्लगही वेगळे मिळतात. टू-स्ट्रोकचा प्लग बसवला तर सेल काढताच इंजिन मान टाकण्याची शक्यता असते.

इंधन म्हणजे मिथेनॉल, तेल आणि जमल्यास थोडे नायट्रोमिथेन. या तेलाशी मराठी घरांची ओळख जुनी आहे. ते एरंडेल. लहानपणी नाक दाबून चमच्याने पाजलेले तेच एरंडेल पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या फिरत्या इंजिनांत वंगण म्हणून वापरले जाई. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलेले आहे. एरंडेल मिथेनॉलमध्ये सहज विरघळते आणि इतर तेले हार मानतात त्या उष्णतेतही धातूला चिकटून राहते. हल्ली त्याच्या जोडीला कृत्रिम तेल घालतात. एकूण तेल साधारण पंधरा ते वीस टक्के असते. मिथेनॉल मात्र जपून हाताळायचे. ते विष आहे, कातडीतूनही शरीरात जाते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही.

कार्बोरेटरच्या बाजूला एक बारीक सुई असते. ती आत फिरवली की इंधन कमी होते, म्हणजे मिश्रण ‘लीन’ होते. बाहेर फिरवली की इंधन वाढते, मिश्रण ‘रिच’ होते. वरवर पाहता हा साधा नळ आहे. पण तेल इंधनातच असल्याने सुई आत गेली की वंगणही घटते. मिथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता शोषते, तेव्हा इंधन घटले की थंडावाही घटतो. आणि ठिणगी नसल्यामुळे ज्वलन केव्हा सुरू होणार हे प्लगच्या तारेची उष्णता, दाब आणि मिश्रण यांवर ठरते. लीन मिश्रण जास्त तापते, वेळेआधी पेटते. म्हणजे इंधन, वंगण, थंडावा आणि ज्वलनाची वेळ अशी चार कामे एकटी सुई करते. स्कूटरमध्ये कार्बोरेटर बिघडला तर गाडी फार तर रखडते. इथे सुई चुकली तर चारही गोष्टी एकदम चुकतात.

यावरून ट्यूनिंगचा पहिला नियम निघतो: इंजिनाचा सर्वाधिक वेग शोधायचा, पण तिथे थांबायचे नाही. पूर्ण थ्रॉटलवर सुई हळूहळू आत घेत जावे, वेग वाढत जातो, एका ठिकाणी तो वाढायचा थांबतो. तिथून सुई बाहेर फिरवून मिनिटाला दोनशे ते तीनशे फेरे सोडून द्यायचे. नऊ-दहा हजार फेऱ्यांतले तीनशे सोडताना नवशिक्याच्या जिवावर येते. पण विमान वर चढताना टाकीतले इंधन कार्बोरेटरच्या खाली राहते आणि मिश्रण आपोआप लीन होते. त्यासाठी हा हात राखून ठेवायचा. खात्री करायला विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करावे, दहा-पंधरा सेकंद आवाज ऐकावा. वेग किंचित वाढून टिकला तर ठीक. आवाज दबला, किंवा डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड आली, तर सुई आणखी बाहेर. फोर-स्ट्रोकमध्ये या खडखडीचा पुढचा टप्पा वाईट असतो. इंजिन उलटा झटका देते, पंख्याचा नट सैल होतो आणि पंखा सुटून पुढे जातो. म्हणूनच त्याला दुहेरी नट असतो आणि म्हणूनच सुईला हात लावायचा तो नेहमी पंख्याच्या मागे उभे राहून.

फेरे मोजायला प्रकाशावर चालणारा टॅकोमीटर मिळतो. तो बरोबर आहे का हे घरीच तपासता येते. जुन्या, चोक असलेल्या ट्यूबलाइटपुढे दोन पात्यांच्या सेटिंगवर धरला की आकडा ३००० दिसला पाहिजे, कारण आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते.

पुण्याची हवाही या हिशेबात धरावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा साधारण पाच टक्के विरळ. इथे जुळवलेले इंजिन अलिबागच्या किनाऱ्यावर नेले तर दाट हवेत ते लीन होते, म्हणजे धोक्याच्या बाजूला जाते. हाच खेळ एका दिवसातही होतो. डिसेंबरच्या पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस असेल तर हवेच्या घनतेत सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो. आदल्या दुपारी जुळवलेली सुई दुसऱ्या दिवशी पहाटे तशीच वापरू नये. आधी दोन-तीन टिचक्या बाहेर घ्यावी, मग कानाने ठरवावे.

संथ गतीसाठी वेगळा स्क्रू असतो. त्याची परीक्षा बोटांनी घेतात. इंजिन संथ चालू असताना इंधनाची नळी चिमटीत दाबायची. लगेच बंद पडले तर मिश्रण लीन आहे. वेग बराच वाढून मग बंद पडले तर रिच आहे. किंचित वाढून दोन-चार सेकंदांत विझले तर जुळले. मोठी सुई आधी, हा स्क्रू नंतर, हा क्रम मात्र मोडायचा नाही.

झडपांचे काम शांतपणे, इंजिन पूर्ण थंड असताना करायचे. रॉकर आणि झडपेची दांडी यांच्यात बहुतेक इंजिनांत ०.०४ ते ०.१० मिलिमीटर फट लागते. माणसाचा केस साधारण याच मापाचा. नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानांत फीलर गेज मिळतात, पण त्यांची सर्वांत पातळ पट्टी अनेकदा ०.०५ ची असते. तीही चालते. पंखा हाताने फिरवत पिस्टन दाबाच्या धावेच्या टोकाला आणावा. तिथे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात आणि दोन्ही रॉकर किंचित हलतात. रॉकर ताठ लागले तर आपण चुकीच्या टोकाला आहोत, आणखी एक पूर्ण फेरी द्यावी. फट जास्त झाली तर गॅरेजवाले म्हणतात तसे टॅपेट वाजते आणि झडप पुरती उघडत नाही. फट उरलीच नाही तर झडप पुरती मिटत नाही, दाब गळतो, आणि गरम वायू सतत निसटून एक्झॉस्टची झडप जळते. वाजणारे टॅपेट त्रास देते, पण निदान आपली तक्रार सांगते. न वाजणारे घट्ट टॅपेट गुपचूप नुकसान करते. नव्या इंजिनात तासाभराच्या चालीनंतर ही फट पुन्हा तपासावी.

इतके सगळे नीट करूनही इंजिने मरतात ती बहुधा कपाटात, पावसाळ्यात. फोर-स्ट्रोकच्या खालच्या खोलीत ताजे इंधन थेट जात नाही. पिस्टनच्या रिंगवरून निसटलेला वायू आणि त्याबरोबरचे तेल एवढेच बेअरिंगांच्या आणि कॅमच्या वाट्याला येते. इंधन लीन ठेवणाऱ्याचे बेअरिंग आधी जाते ते यामुळेही. त्या निसटलेल्या वायूत पाणी असते, मिथेनॉल आणखी पाणी ओढते आणि नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्ल तयार होते. जून ते सप्टेंबर असे इंजिन बंद डब्यात राहिले की बेअरिंगवर गंज चढतो. उपाय पाच मिनिटांचा आहे. दिवसाच्या शेवटी इंजिन चालू असताना इंधनाची नळी काढून आतले इंधन पूर्ण जाळू द्यावे. मग खालच्या खोलीच्या श्वासनळीतून शिलाई मशीनचे तेल एक-दोन मिलिलिटर सोडावे, प्लगच्या भोकातून काही थेंब टाकावेत आणि पंखा हाताने फिरवावा. शेवटी पिस्टन दाबाच्या टोकाला ठेवावा, म्हणजे झडपा मिटलेल्या राहतात.

हे सगळे आता कुणासाठी, असा प्रश्न मला विचारतात आणि तो रास्त आहे. विजेची मोटर आणि लिथियम बॅटरी यांनी मॉडेल विमानांचे जग बदलून टाकले. आवाज नाही, तेलाचा राडा नाही, सुई नाही. २०२० साली खुद्द चेतक विजेवर परत आली. नव्याने शिकणाऱ्या मुलाला मीही विजेचेच विमान सुचवतो. पण मोटर एक तर चालते किंवा जळते. मधल्या अवस्था ती फारशा सांगत नाही. या इंजिनाला मात्र रिच, लीन, ताठ, सैल, तहानलेले अशा पाच-सहा अवस्था असतात आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी डोळे मिटून ऐकायला लावतो आणि वेग वाढायचा थांबला की बोट वर करायला सांगतो. पहिल्या दिवशी बोटे उशिरा वर जातात. चार रविवारांत टॅकोमीटरच्या आधी जाऊ लागतात. ही माहिती पुस्तिकांत थोडीशी असते आणि बाकीची माणसांत. ती माणसे आता कमी होत चालली आहेत.

शेवटी एक कामाची गोष्ट. वडिलांच्या किंवा काकांच्या ट्रंकेत असे एखादे इंजिन अनेक घरांत असेल. पंखा हलत नाही म्हणून ते मेले असे समजू नये. बहुधा एरंडेल वाळून वार्निशसारखे घट्ट झालेले असते. पाना लावून जबरदस्तीने फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो भाग आता सहज मिळत नाही. केस वाळवायच्या यंत्राने इंजिन हाताला सोसवणार नाही इतके गरम करावे. प्लग काढून आत हलके तेल सोडावे, रात्रभर ठेवावे, पुन्हा गरम करावे आणि पंखा अगदी थोडा मागे-पुढे हलवून पाहावा. कॉस्टिक सोड्याच्या वाटेला जाऊ नये, तो ॲल्युमिनियम खातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक चिकट, मध्यावर अडखळणारी फेरी पूर्ण होते. बेअरिंग खरखरत असेल तर त्याच्या कडेवरचा नंबर वाचून नाना पेठेत विचारावे. त्यांची मापे बहुधा ठरलेली असतात, दुकानदाराला विमानाविषयी काही माहीत असण्याची गरज नाही.