अनाहूत ई-टपाल आणि त्याची गाळणी

पत्र पाठवणाऱ्याने तिकिटाचा खर्च सोसावा, हा टपालव्यवहारातील सर्वसाधारण नियम आहे. हजार लोकांना पत्रे पाठवायची असतील, तर हजार तिकिटे घ्यावी लागतात. त्यामुळे पत्र धाडण्यापूर्वी मनुष्य थोडा तरी विचार करतो. ई-मेलने हा नियम बदलून टाकला. तेथे एक पत्र पाठवण्यास जो खर्च येतो, त्याहून फारसा अधिक खर्च लाख पत्रे पाठवण्यास येत नाही. पाठवणाऱ्याचा खर्च वाचला. परंतु भार नाहीसा झाला नाही, तो पत्र घेणाऱ्याच्या माथी आला. नको असलेली पत्रे पाहण्यात, निवडण्यात आणि काढून टाकण्यात जाणारा वेळ त्याचाच असतो. न मागता, एकाच वेळी असंख्य लोकांना पाठवलेल्या अशा पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात. अनाहूत म्हणजे न बोलावता आलेला. म्हणून मराठीत त्यांना ‘अनाहूत ई-टपाल’ म्हणता येईल.

उपद्रवाचा इतिहास

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिले जाळ्यातील पत्र पाठवले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७५ मध्ये, जॉन पोस्टेल या संगणकतज्ज्ञांनी एक छोटे टिपण लिहून, नकोशी पत्रे नाकारण्याची सोय संगणकाकडे असावी, असे सुचवले. त्यांची शंका खरी ठरली. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या गॅरी थर्क या अधिकाऱ्याने आपल्या नव्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. अनाहूत ई-टपालाचे हे पहिले मोठे उदाहरण मानले जाते.

‘स्पॅम’ हे नाव मात्र स्वयंपाकघरातून आले आहे. अमेरिकेत १९३७ पासून या नावाने डबाबंद मांस विकले जाते. १९७० साली ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी मालिकेत असे एक उपाहारगृह दाखवले होते, की जेथील जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असते. त्या शब्दाचा घोष इतका वाढत जातो, की इतरांचे बोलणे ऐकूच येत नाही. कामाची पत्रे बिनकामाच्या पत्रांच्या गर्दीत बुडून जातात, त्या अवस्थेला हे नाव पुढे चिकटले.

पत्त्यावर बंदी का पुरत नाही?

नकोसे पत्र आले, की पाठवणाऱ्याचा पत्ता ‘ब्लॉक’ करावा, म्हणजेच त्याच्यावर बंदी घालावी, असे आपल्याला सुचते. ओळखीचा एखादा मनुष्य किंवा एखादे दुकान सतत पत्रे पाठवत असेल, तर हा उपाय चालतो. खऱ्या स्पॅमपुढे मात्र तो दुबळा ठरतो. आपण अंतर्देशीय पत्राच्या मागे प्रेषक म्हणून कोणाचेही नाव लिहिले, तरी टपालखाते त्याची खात्री करून घेत नाही. ई-मेलची व्यवस्थाही अशीच विश्वासावर उभारलेली होती. १९८२ साली पत्रांच्या वहनाचे जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांत प्रेषकाची ओळख पटवण्याची सोय नव्हती. त्यामुळे स्पॅम पाठवणारा दर वेळी नवा किंवा खोटा पत्ता घालू शकतो. आज एका पत्त्यावर बंदी घातली, तर उद्या दुसरा तयार असतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे काही तपासण्या आल्या. ‘एसपीएफ’ या पद्धतीत संस्था आपल्या नावाने कोणते संगणक पत्रे पाठवू शकतात, याची यादी जाहीर करते. ‘डीकेआयएम’ मध्ये पत्रावर संगणकीय स्वाक्षरी असते. ‘डीमार्क’ मध्ये या तपासण्यांत न टिकलेल्या पत्राचे काय करावे, हे संस्था सांगून ठेवते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने रोज ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी आवश्यक केल्या. तथापि, या तपासण्यांनी पत्र कोणत्या दारातून आले एवढेच कळते. त्या दारामागचा मनुष्य प्रामाणिक आहे की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत.

गाळणी कशी शिकते?

म्हणून पत्त्याबरोबर पत्रातील मजकूरही पारखावा लागतो. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका लेखात यासाठी सोपी रीत मांडली. अठराव्या शतकातील इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेज यांच्या संभाव्यतेच्या सिद्धान्ताचा तिला आधार होता. अशाच दिशेचे संशोधन १९९८ मध्येही झाले होते. परंतु ग्रॅहम यांच्या लेखाने ही कल्पना सर्वदूर पोहोचवली.

ही रीत एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, आपण १०० स्पॅम पत्रे आणि १०० चांगली पत्रे वेगळी करून गाळणीला दाखवली. ‘लॉटरी’ हा शब्द ४० स्पॅम पत्रांत आणि केवळ एका चांगल्या पत्रात आढळला. तेव्हा ‘लॉटरी’ शब्द असलेले नवे पत्र स्पॅम असण्याचा संभव ४१ पैकी ४०, म्हणजे सुमारे ९८ टक्के ठरतो. उलट ‘परीक्षा’ हा शब्द २ स्पॅम पत्रांत आणि ३० चांगल्या पत्रांत आढळला, तर तो संभव सुमारे ६ टक्केच राहतो. एकाच पत्रात हे दोन्ही शब्द आले, तर गाळणी दोहोंचा एकत्र हिशेब करते आणि उत्तर सुमारे ७३ टक्के येते. ग्रॅहम यांनी ९० टक्क्यांची मर्यादा ठेवली होती. तिच्या आत असलेले पत्र स्पॅम मानले जात नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. गाळणीला पत्राचा अर्थ कळत नाही. ती शब्द मोजते, आणि कोणत्या ढिगातले शब्द मोजायचे, हे आपण ठरवतो. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. ‘परीक्षा’, ‘परीक्षेचे’, ‘परीक्षेला’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे आपल्याला सहज उमगते. केवळ शब्द मोजणाऱ्या गाळणीला मात्र ते तीन निराळे शब्द वाटतात. त्यामुळे मराठी पत्रांची ओळख होण्यास तिला अधिक उदाहरणे लागतात.

थंडरबर्डमधील व्यवस्था

‘थंडरबर्ड’ या विनामूल्य ई-मेल कार्यक्रमाची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. त्यात अशी शिकणारी गाळणी आहे. स्पॅमला तेथे ‘जंक’ म्हणतात. प्रथम ‘अकाउंट सेटिंग्ज’ मधील ‘जंक सेटिंग्ज’ हा विभाग उघडावा आणि आपल्या खात्यासाठी गाळणी सुरू असल्याची खात्री करावी. आपल्या पत्तावहीतील व्यक्तींची पत्रे जंक ठरवू नयेत, अशी खूण तेथे करता येते. ती अवश्य करावी. जंक ठरलेली पत्रे आपोआप वेगळ्या कप्प्यात जावीत, अशीही सोय तेथे आहे.

यानंतर शिकवणी सुरू होते. नकोसे पत्र निवडून ज्योतीच्या चिन्हावर टिचकी मारली, किंवा कळफलकावरील ‘जे’ ही कळ दाबली, की ते जंक ठरते. चुकून जंक ठरलेले पत्र निवडून ‘शिफ्ट’ आणि ‘जे’ या कळा एकत्र दाबल्या, की ते निर्दोष ठरते. पुष्कळ लोक केवळ वाईट पत्रांवर खूण करतात आणि चांगली पत्रे तशीच सोडतात. ज्या विद्यार्थ्याने फक्त चुकीचीच उत्तरे पाहिली, त्याला बरोबर उत्तर कसे ओळखता येणार? म्हणून चांगल्या पत्रांवरही ‘जंक नाही’ अशी खूण करावी.

खडा आणि दाणा

धान्य निवडताना एखादा खडा राहून गेला, तर तो दाताखाली येतो आणि आपण तो काढून टाकतो. पण खड्याबरोबर दाणा फेकला गेला, तर तो गेल्याचे कळतही नाही. गाळणीच्या चुकाही अशाच दोन प्रकारच्या असतात. स्पॅम आत शिरले, तर क्षणभर त्रास होतो. चांगले पत्र स्पॅममध्ये पडले, तर संधी जाते. दुसरी चूक अधिक महाग असते. हे जाणूनच ग्रॅहम यांनी चांगल्या पत्रांतील शब्दांची गणती दुप्पट धरली होती.

जो विद्यार्थी घरी राहून, नोकरी सांभाळून शिकतो, त्याच्यासाठी संस्थेचे पत्र म्हणजे शाळेची घंटा होय. प्रवेशाची सूचना, परीक्षेचे वेळापत्रक, मुलाखतीचे बोलावणे यांपैकी काहीही स्पॅमच्या कप्प्यात पडू शकते. जीमेलमध्ये तेथील पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी तो कप्पा उघडून पाहावा. अर्ज करताच त्या संस्थेचा पत्ता आपल्या पत्तावहीत नोंदवून ठेवणे अधिक चांगले.

गाळणीच्या पलीकडे

काही पत्रे कितीही चांगल्या गाळणीतून निसटतात. नोकरीचे आमिष दाखवून ‘नोंदणी शुल्क’ मागणारे पत्र शुद्ध भाषेत लिहिलेले असते. त्यात ‘लॉटरी’ सारखा शब्दही नसतो. अशा वेळी आपणच काही पथ्ये पाळावीत. अनोळखी पत्रातील दुव्यावर टिचकी मारू नये आणि त्यासोबतची फाइल उघडू नये. पत्रातील चित्रे दाखवण्याची परवानगी देऊ नये; कारण ती उघडताच पत्र पाहिले गेल्याचे पाठवणाऱ्याला कळू शकते. ओळखीच्या संस्थेची पत्रे थांबवण्यासाठी ‘अनसबस्क्राइब’ हा पर्याय वापरावा. अनोळखी पत्रात तो वापरल्यास आपला पत्ता वापरात असल्याची ग्वाहीच मिळते. बँकेचा परवलीचा शब्द किंवा ओटीपी तर कोणालाही कळवू नये.

तरीही फसवणूक झाली, तर लाजून गप्प बसू नये. भारतात १९३० या दूरध्वनी क्रमांकावर आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार करता येते, आणि जितक्या लवकर ती केली जाईल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड नुसार संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गाळणी आपल्या दारातील गर्दी कमी करते. कोणाला आत घ्यायचे, हे अखेर घरमालकानेच ठरवायचे असते. आपण जितक्या काळजीपूर्वक तिला शिकवू, तितका तिच्यावर विश्वास टाकता येईल. मात्र तिने बाजूला ठेवलेल्या ढिगावरून अधूनमधून स्वतःची नजर फिरवण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येणार नाही.