गुरूचे अखेरचे काम
१९५१ साली मुंबईत जन्मलेल्या अँसन डॉरन्स यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७९ पासून मुलींचा फुटबॉल संघ घडविला व २२ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. सरावातील प्रत्येक चुरशीचे गुण तेथे नोंदले जात. म्हणून कोणती मुलगी कोठे उभी आहे, हे एकाच्याच डोक्यात न राहता वहीत उतरे. ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, डॉरन्स निवृत्त झाले. साहाय्यक डेमन नाहास यांनी धुरा उचलली आणि त्याच डिसेंबरात संघ पुन्हा अजिंक्य ठरला. परमुलुखातील आपली मंडळे, वाचनालये मात्र पुष्कळदा एका कर्त्या माणसाबरोबरच मावळतात. वेळीच वारस घडविणे, हेच गुरूचे अखेरचे काम होय, असे आम्हांस वाटते.