पिशव्या कोण सांभाळणार?

मैत्रिणींनो, घरातला सहलीचा आल्बम एकदा काढून बघा. मुलं पाण्यात डुंबताहेत, हे घसरगुंडीवरून ओरडत खाली येताहेत, भावोजी टायरमध्ये पाय सोडून बसलेत. आणि तुम्ही? तुम्ही असलात तर कोपऱ्यात, बाकावर. मांडीवर दोन टॉवेल, बाजूला चार पिशव्या, पायाशी सगळ्यांच्या चपला. अगदी कोरड्या ठणठणीत!

माझं तरी असंच होतं. परवा डिसेंबरात खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरलं, तेव्हा बारावीतली लेक सहज विचारून गेली, "आई, तुला त्यातली कुठली राईड आवडते गं?" मी तोंड उघडलं आणि गप्पच झाले. इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी गेले, पण एकाही पाळण्यात बसल्याचं आठवेना. आठवलं ते इतकंच, की कुठल्या बाकावर सावली चांगली होती!

तसं आपलं कल्याणकरांचं पाळण्याशी नातं जुनं. नवरात्रात दुर्गाडीच्या जत्रेत आकाशपाळणा बघत बघतच आपण लहानाच्या मोठ्या झालो. पुढे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं. कल्याणहून दादर, दादरला गाडी बदलून बोरिवली, मग खाडीतून बोट. पाळण्यापेक्षा त्या बोटीचीच मुलांना अपूर्वाई! १९९८ मध्ये त्याच्याच शेजारी वॉटर किंगडम सुरू झालं आणि 'वॉटर पार्क' हा शब्द घरोघरी पोचला. एस्सेलवर्ल्डचे पाळणे करोनाच्या साथीत थांबले ते थांबलेच. आपल्या मुलांना आता त्याच्या गोष्टीच सांगायच्या. ठाण्यात मानपाड्याला टिकुजिनीवाडी आणि घोडबंदर रस्त्यावर सूरज वॉटर पार्क यांनी मात्र कित्येक शाळांच्या सहली सांभाळल्या.

इमॅजिकाची गोष्ट त्यामानाने नवी. चित्रपटक्षेत्रातले मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने एप्रिल २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्याच्या बाजूला, सह्याद्रीच्या पायथ्याशी ते उघडलं. पुढल्याच वर्षी, २०१४ मध्ये, ग्रीसमधल्या पांढऱ्या-निळ्या घरांच्या धर्तीवर वॉटर पार्क आलं आणि २०१६ मध्ये बर्फाचं दालन. २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने त्याचा कारभार हाती घेतला. लोणावळ्याजवळचं आणि शिर्डीचं वेट-एन-जॉय वॉटर पार्कही त्यांचंच.

तिथला सगळ्यांत गाजलेला पाळणा म्हणजे नायट्रो. उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत म्हणा ना! वेग ताशी १०५ किलोमीटर, वाटेत पाच वेळा डोकं खाली पाय वर, आणि पायाखाली जमीनच नाही, पाय अधांतरी लोंबते. गंमत म्हणजे या गाडीला पळायला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते, पुढचा सगळा प्रवास त्या उंचीच्या जोरावर. एकदा उतारावर सुटली की सुटली. आपल्या संसारासारखंच की!

दुसरी एक राईड आहे पाण्यातून जाणारी, राजासॉरसची. मुलांना वाटतं हे नाव कुणीतरी गमतीने ठेवलं असेल. तसं नाही बरं का. राजासॉरस हा खराखुरा आपल्या देशातला डायनासोर. गुजरातेत खेडा जिल्ह्यात त्याची हाडं मिळाली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं नामकरण केलं. रांगेत तिष्ठताना मुलांना ही गोष्ट सांगा, वेळ पटकन जातो.

आता मुद्द्याचं. आपण बाकावर का बसतो? मी आमच्या जिन्यातल्या चौघीजणींना विचारलं. कारणं तीनच निघाली: कपडे, मंगळसूत्र आणि पिशव्या.

आधी कपड्यांचं बोलू. साडी, सुती पंजाबी ड्रेस, जीन्स यांना पाण्यात मनाई असते, तेव्हा आपण फणकारतो. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी दारावरच्या मुलीने मला सर्वांदेखत "ऐसे नहीं चलेगा आंटी" असं सुनावलं आणि मी डोळ्यांत पाणी आणून परत फिरले होते. तिची बोलण्याची रीत चुकीची होती, पण नियमामागे कारण आहे. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, पायात अडकतं, त्याचा रंग नि तंतू सुटून पाणी गाळणाऱ्या यंत्रात जातात. ओढणी तर घसरगुंडीवर गळ्याचा फासच. म्हणून नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. पण पोहण्याचा पोशाख म्हणजे तोकडाच, हे आता राहिलेलं नाही. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत पायजमा आणि वरून झगा असलेला पोशाख बाजारात सहज मिळतो. भाड्याच्या पोशाखापेक्षा स्वतःचा एक घेऊन ठेवावा, वर्षानुवर्षं टिकतो. आणि लोक काय म्हणतील? अहो, तिथे जो तो आपल्या घसरगुंडीत गुंग असतो!

मंगळसूत्राचं जरा नाजूक. माझ्या एका शेजारणीचं मंगळसूत्र लाटांच्या तलावात गेलं ते गेलंच. दिवसभराचा आनंद तर गेलाच, पण घरी आल्यावर अशुभाची धास्ती वेगळी. घसरगुंडीवर ते गळ्याला ओढही देऊ शकतं. शिवाय पाण्यातल्या क्लोरीनने दागिन्याची चमक जाते, मणी ओवलेला दोरा कच्चा होतो. मी भीतभीतच सासूबाईंना विचारलं. मला वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार. तर त्या म्हणाल्या, "अगं, पाण्यात हरवून येण्यापेक्षा देव्हाऱ्यात ठेवून जा. संध्याकाळी दिवा लावलास की घाल परत." पंचवीस वर्षं मी ज्या प्रश्नाला घाबरले, त्याचं उत्तर असं एका वाक्यात मिळालं. विचारून तर बघा, मैत्रिणींनो!

पिशव्यांचं कोडं तर सर्वांत सोपं. लॉकर! थोडे पैसे पडतात खरे. पण हिशेब करा. तुम्ही पाण्यात उतरा नाहीतर बाकावर बसा, आत जायचं तिकीट मोठ्या माणसाला तेवढंच. आख्ख्या तिकिटाचे पैसे भरून आपण पिशव्यांवर राखण करतो, आणि लॉकरचे पैसे वाचवले म्हणून खूश होतो. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, हा व्यवहार कसा चालवून घेतला?

आता निघण्यापूर्वी एवढं ध्यानात ठेवा.

सुट्टीच्या आणि आडदिवसाच्या दरांत फरक असतो, शिवाय पाळण्यांचं उद्यान आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगळी असतात. एका दिवसात दोन्ही करायच्या हव्यासाने कुठलंच धड होत नाही. आधी चौकशी करून एकच ठरवा. कल्याणहून खोपोली लोकल मिळाली तर उत्तम, नाहीतर कर्जतला गाडी बदलावी. पुढे रिक्षा आहेतच. बाहेरचं खाणं बहुधा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा सकाळी घरूनच थालीपीठ-दही असं भक्कम खाऊन निघा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या परतीच्या गाडीसाठी ठेवा.

मुलांची उंची घरीच दाराच्या चौकटीशी मोजा. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. दोन बोटं कमी पडली म्हणून तिथे रडारड होण्यापेक्षा आधीच समजूत घातलेली बरी. आणि "घ्या हो चालवून" म्हणून गळ घालू नका. बसायच्या जागेचा पट्टा त्या मापानेच केलेला असतो.

ज्यांना रक्तदाब, हृदयाचा त्रास, मान किंवा पाठदुखी आहे, नुकतंच ऑपरेशन झालं आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी वेगाचे पाळणे आणि उंच घसरगुंड्या टाळाव्यात. घसरगुंडीवर सांगतील तसंच पडा: हात छातीवर, पाय जुळवलेले. डोकं वर काढून मागे बघायचा मोह नको.

सर्वांत महत्त्वाचं. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते गुपचूप खाली जातं. म्हणून लहान मूल पाण्यात असताना आपल्या हाताच्या अंतरावर हवं. हवा भरलेल्या चकत्यांवर नि शिट्टीवाल्या रक्षकावर सगळा भार टाकू नका. घरच्या मोठ्यांनी आळीपाळीने राखण करावी. ही राखण मात्र पिशव्यांच्या राखणीपेक्षा लाखमोलाची, आणि ती एकट्या आईचीच नव्हे!

पाण्यात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने अंघोळ करा, केसही भिजवून घ्या. आधीच भिजलेले केस क्लोरीनचं पाणी कमी पितात. डोळ्यांना झोंबणारा तो उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो, माणसांचा घाम नि लघवी त्यात मिसळल्यावर तो येतो. तेव्हा मुलांना आधी न्हाणीघरात पाठवा. घरी आल्यावर केस स्वच्छ धुवून मगच तेल लावावे.

तर, आमच्या सहलीचं सांगायचं राहिलंच. नायट्रोच्या वाटेला मी गेले नाही. माझ्या रक्तदाबाला ते झेपणार नाही, हे मला ठाऊक आहे. आम्ही गेलो वॉटर पार्कला. पिशव्या लॉकरमध्ये, किल्ली यांच्या मनगटाला. लेकीने हात धरून जिने चढवले. वर पोचल्यावर पाय लटपटायला लागले, मागे वळावंसं वाटलं, पण मागे रांग! दोघींच्या रबरी होडीत ती पुढे, मी मागे. एक धक्का, आणि मग काय ओरडले मी! खाली तलावात आपटलो, नाकातोंडात पाणी, आंबाडा सुटलेला. हे काठावर उभे राहून हसत होते. नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, परत?" आणि मी परत गेले. तीन वेळा!

त्या दिवशीचा एकच फोटो आहे माझा. डोळे मिटलेले, तोंड उघडं, ध्यान दिसते अगदी. लेकीने तो मोठा करून आणलाय. आता तिने विचारलं, आई, तुला कुठली राईड आवडते, तर मला उत्तर ठाऊक आहे.

तुमचं उत्तर काय, मैत्रिणींनो?