रोमहून पॅरिसला निघालेली पायी दिंडी

वादळानं बाग आडवी केली की तलाठी येतो, कृषी सहायक येतो, पंचनामा होतो. किती झाडं पडली, किती क्षेत्र गेलं, घराची किती कौलं उडाली, सगळं कागदावर येतं. त्या कागदावर एक रकाना मात्र कधीच नसतो. हे नुकसान कोणामुळे वाढलं आणि भरपाई त्यानं का देऊ नये? हा प्रश्न जगातल्या राज्यकर्त्यांपुढे ठेवण्यासाठी २०१५ साली पोपपासून बौद्ध भिक्खूंपर्यंत नाना धर्मांची माणसं एकत्र आली. त्यांनी काय मागितलं आणि हाती काय पडलं, ते आपल्या शेतकऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

गोष्ट सुरू होते फिलिपिन्समध्ये. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान नावाचे महाभयंकर वादळ या बेटांच्या देशावर आदळले. टॅक्लोबान शहरात समुद्र घराघरांत शिरला. सरकारी आकड्याप्रमाणे ६,३०० माणसे गेली. नारळाची सुमारे ३ कोटी ३० लाख झाडे मोडली किंवा निकामी झाली. नारळ म्हणजे काही मेथीची जुडी नव्हे, की या महिन्यात गेली तर पुढच्या महिन्यात पुन्हा पेरली. रोप लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, तोवर घरात काय शिजवायचं? ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ वादळात रायगड-रत्नागिरीकडच्या ज्या बागायतदारांची नारळी-पोफळी झोपली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

वादळं पूर्वीही होत होती, हे खरं. पण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत जो वायू साठतो, त्यानं समुद्र तापतो आणि तापलेला समुद्र वादळाला बळ देतो. आजवर साठलेल्या या वायूत मोठा वाटा श्रीमंत देशांचा आहे. नारळ उतरवून पोट भरणाऱ्याचा त्यात वाटा तो कितीसा?

हैयान येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते, तोच पोलंडमधील वॉर्सा येथे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरली. फिलिपिन्सचे प्रतिनिधी येब सान्यो बोलायला उभे राहिले. त्यांचं कुटुंब टॅक्लोबानचंच. आपला भाऊ मृतदेह गोळा करतो आहे, त्याच्या पोटात अन्न नाही, हे सांगताना त्यांना रडू आवरलं नाही. परिषदेत काही ठोस ठरेपर्यंत मी अन्न घेणार नाही, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. सरकारी अधिकाऱ्यानं भर परिषदेत उपोषणाला बसावं, हे तसं अजबच. त्यातून पुढे दर महिन्याच्या १ तारखेला हवामानासाठी उपवास करण्याची चळवळ निघाली. निरनिराळ्या धर्मांची माणसं त्यात आली. उपवास बहुतेक धर्मांत आहे, त्यामुळे ते फारसं कुणाला परकं वाटलं नाही.

पायी मजल, पत्रावर सह्या

२०१५च्या डिसेंबरात पॅरिसला मोठा करार व्हायचा होता. त्याआधी सान्यो काही सोबती घेऊन रोमहून पायी निघाले. सुमारे १,५०० किलोमीटरची वाट, साठेक दिवसांची चाल. आपल्या वाचकांना दिंडी म्हणजे काय ते सांगायला नको. वाटेतल्या मुक्कामी लोकांना भेटायचं, हवामानाची गोष्ट सांगायची आणि पुढं निघायचं, असा त्यांचा क्रम होता.

तिकडे गावोगावच्या चर्चमधून आणि इतर धर्मांच्या संस्थांमधून सह्या गोळा होत होत्या. २८ नोव्हेंबरला पॅरिसजवळच्या सँ-देनी येथे सुमारे १८ लाख सह्यांची निवेदने संयुक्त राष्ट्रांच्या हवामान विभागाच्या प्रमुख क्रिस्तियाना फिगेरेस यांच्या हाती दिली गेली. बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये मोठा मोर्चा निघायचा होता. पण १३ नोव्हेंबरला त्या शहरात अतिरेकी हल्ला झाला होता, म्हणून मोर्चाला बंदी आली. मग लोकांनी चौकात आपापले जोडे मांडून ठेवले. माणूस नाही, नुसते हजारो जोड. त्यात पोप फ्रान्सिस यांनी पाठवलेला एक जोडही होता. पालखीत पादुका ठेवून चालणाऱ्या मुलखातल्या माणसाला याचा अर्थ चटकन कळावा.

कुणी काय बजावलं

पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पत्र १८ जून २०१५ रोजी प्रसिद्ध झालं होतं. धरणीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश वेगळे नाहीत, हा त्याचा गाभा. ऑगस्टमध्ये इस्तंबूलला मुस्लिम विद्वान जमले. त्यांचं निवेदन मला अधिक धाडसाचं वाटतं. कारण त्यांनी श्रीमंत देशांबरोबर तेल उत्पादक देशांनाही सांगितलं, की शतकाच्या मध्यापर्यंत हे वायू सोडणं बंद करा. तेलावर गबर झालेल्यांत मुस्लिम राज्यकर्तेही आहेत. आपल्याच घरच्या थोरल्याला चारचौघांत सुनावणं सोपं नसतं. ऑक्टोबरात दलाई लामांसह बौद्ध धर्मगुरूंनी आणि नोव्हेंबरात हिंदू धर्माचार्यांनी राज्यकर्त्यांना उद्देशून निवेदनं काढली.

१२ डिसेंबरला पॅरिस करार झाला. तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि १.५ अंशावर रोखण्याचा प्रयत्न करायचा, असं त्यात आलं. हा दीड अंशाचा आग्रह बेटांच्या आणि गरीब देशांचा होता, धर्मसंस्थांनी त्याला बळ दिलं. त्यांच्यामुळेच करार झाला असं म्हणणं मात्र अतिशयोक्तीचं होईल. सरकारं आपापला हिशेब करूनच सही करतात.

नुसता उपदेश करून स्वतः कोरडं राहण्याची खोड धर्मसंस्थांनाही आहे. म्हणून त्यांनी आपल्या पैशाचं काय केलं, हे बघावं लागतं. जागतिक चर्च परिषदेनं २०१४ मध्येच ठरवलं, की कोळसा-तेलाच्या धंद्यात पैसा गुंतवायचा नाही. इंग्लंडच्या चर्चचा मोठा निधी सांभाळणाऱ्या मंडळाला मात्र बड्या तेल कंपन्यांतून पैसा काढण्याचा निर्णय घ्यायला २०२३ साल उजाडलं. व्हॅटिकनच्या सभागृहावर २००८ मध्येच २,४०० सौर पट्ट्या बसल्या होत्या.

करारानंतर काय? जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबानं २०२४ हे पूर्ण वर्ष दीड अंशाच्या वर गेलं. एका वर्षानं मर्यादा कायमची मोडत नाही, पण उंबरठा ओलांडला गेला. अमेरिकेनं २०२५च्या जानेवारीत दुसऱ्यांदा करारातून बाहेर पडण्याचा आदेश काढला. फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये गेले. त्यांच्या मागून आलेले पोप लिओ यांनी त्याच नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेम परिषदेला निरोप धाडला, की करार फसलेला नाही, काही जणांची राजकीय इच्छाशक्ती फसली आहे. तिथं शेवटी जो ठराव झाला, त्यात कोळसा-तेलाचा शब्दही आला नाही.

पंचनाम्यातल्या त्या रकान्याचं काय, तेही सांगतो. नुकसान सोसणाऱ्या गरीब देशांसाठी वेगळा निधी हवा, ही जुनी मागणी होती. ती २०२२ मध्ये इजिप्तमधल्या परिषदेत मान्य झाली. २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत त्यासाठी सुमारे ७० कोटी डॉलरचे शब्द मिळाले. जगभरच्या वादळ-पुराच्या मानानं ही रक्कम म्हणजे दर्या में खसखस. आणि हा निधी भरपाई म्हणून नाही, मदत म्हणून आहे. दोष कबूल करायला श्रीमंत देश आजही तयार नाहीत. निधीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचं यजमानपद २०२४ मध्ये एका देशाला देण्यात आलं. तो देश फिलिपिन्स.