जनुकांची किर्द-खतावणी

माझी नात जीवशास्त्राची पदवी घेऊन आता मूलपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, संशोधनाला लागणारी विद्या शिकत आहे. घरातील व्यापारी मंडळींचा प्रश्न ठरलेला, "यातून पुढे काय?" माझी सारी नोकरी बँकेतील हिशेब तपासण्यात गेली, म्हणून तिच्या शेजारी बसून मी हा विषय माझ्या परीने समजून घेतला.

माणसाच्या पेशीत सुमारे २०,००० जनुकांची खाती असतात. मात्र प्रत्येक पेशीत उलाढाल काही खात्यांतच होते. ही उलाढाल मोजणे म्हणजे जनुक-अभिव्यक्तीचे विश्लेषण. जनुकांच्या आरएनए प्रतींची गणती तक्त्यात मांडतात. येथे घाई नडते. पाच टक्के चुकीची मुभा दिली, तर काहीही फरक नसताना सुमारे १,००० जनुके बदललेली भासतील. ती गाळण्याची रीत नातीला प्रथम शिकावी लागली.

याचा उपयोग सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात दिसतो. गडचिरोली, नंदुरबार येथील अनेक आदिवासी कुटुंबे तो भोगत आहेत. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही टिकले, तर त्रास कमी होतो. ते बंद पाडण्यात 'बीसीएल११ए' या जनुकाचा मोठा वाटा आहे. परंतु हे जनुक अन्य पेशींना आवश्यक असल्याने, केवळ तांबड्या पेशींच्या घडणीत त्याला चालना देणारा नियंत्रक भाग शास्त्रज्ञांनी हेरला. क्रिस्पर तंत्रात सुमारे २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए कात्रीला जागा दाखवतो. तशीच अक्षरे अन्यत्र असतील, तर कात्री तेथेही चालू शकते. खतावणीतील चूक उलट नोंदीने सुधारते. येथे तशी सोय नाही. म्हणून मार्गदर्शकाची आखणी संगणकावर पुनःपुन्हा पडताळावी लागते.

रुग्णाच्याच रक्त-मूलपेशींत असा बदल करणारा 'कॅसजेव्ही' हा उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केला. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. हा आकडा ऐकून आमची मंडळी गप्प झाली. मग नातीने सांगितले, की दिल्लीतील सीएसआयआरच्या जनुकशास्त्र संस्थेत सिकलसेलसाठी स्वदेशी क्रिस्पर उपचारावर काम झाले आहे.

"म्हणजे माल तोच, भाव आपल्याला परवडेल असा," माझे थोरले बंधू म्हणाले. "मग शिकू दे तिला."