जॉश गिब्सनचे १९४१ साल कुठे गेले?

आमच्या घरात उन्हाळाभर दोन खेळ चालतात. आजोबा भारतातून आले की क्रिकेट आणि ते परत गेले की बेसबॉल. मला स्वतःला बेसबॉल इथे आल्यावर, चाळिशीच्या तोंडावर, मुलाकडून शिकावा लागला. त्यामुळे माझ्या लिहिण्यात काही चुकले तर वर्गातली मुले मला येत्या रविवारी दुरुस्त करतीलच.

२०२४ च्या मे महिन्यात अमेरिकन बेसबॉलच्या अधिकृत नोंदवहीत एक मोठा बदल झाला. जुन्या काळी काळ्या खेळाडूंच्या लीग वेगळ्या असत. त्यांच्या १९२० ते १९४८ पर्यंतच्या नोंदी मुख्य नोंदींत मिळवण्यात आल्या. त्याबरोबर फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉब दुसऱ्या जागी गेला आणि .३७२ सरासरीचा जॉश गिब्सन पहिला आला. (पालकांसाठी: .३७२ म्हणजे दर हजार संधींमागे ३७२ यशस्वी फटके. क्रिकेटच्या सरासरीशी याचा काही संबंध नाही. मी पहिले वर्षभर हाच घोळ घालत होतो.) आमच्या चिरंजीवांनी तो तक्ता छापून भिंतीवर लावला आणि दोन दिवसांनी विचारले, "बाबा, १९४१ साली याने काहीच खेळलं नाही. आजारी होता का?"

आजारी मुळीच नव्हता. त्या वर्षी तो मेक्सिकोत 'आसूलेस दे वेराक्रूझ', म्हणजे 'वेराक्रूझचे निळे', या संघाकडून ९४ सामने खेळला. त्यात त्याने ३३ होम रन मारले, १२४ धावा मिळवून दिल्या आणि सरासरी ठेवली .३७४. पण नव्या नोंदवहीत फक्त अमेरिकेतल्या लीग धरल्या आहेत, म्हणून तिथे ते साल कोरे दिसते.

आता या निळ्या संघाची गोष्ट. वेराक्रूझ हे मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचे बंदर. तिथला होर्हे पास्केल हा या संघाचा मालक. भावांबरोबर त्याचा जकातीच्या दलालीचा मोठा धंदा होता. मिगेल आलेमान पुढे १९४६ साली मेक्सिकोचे अध्यक्ष झाले, ते त्याचे मित्र. १९१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन आरमाराने वेराक्रूझवर तोफा डागून शहर ताब्यात घेतले, तेव्हा होर्हे जेमतेम सात वर्षांचा होता. ती आठवण त्याच्या मनातून कधी गेली नाही असे सांगतात.

मेक्सिकोची लीग १९२५ पासून चालू होती. १९४० साली पास्केलने आपला संघ उतरवला. नाव वेराक्रूझचे, पण घरचे मैदान मात्र राजधानी मेक्सिको सिटीतले 'पार्के देल्ता', कारण प्रेक्षक आणि पैसा तिथे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळजवळ ६०० मीटर जास्त! तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने विरळ. म्हणजे दोन गोष्टी होतात: मारलेला चेंडू लांब जातो, आणि वळवून टाकलेला चेंडू कमी वळतो, कारण त्याला ढकलायला हवाच कमी. फलंदाजांची चंगळ आणि पिचरचे हाल.

पहिल्याच वर्षी संघाने विजेतेपद मिळवले. १९४१ सालीही पुन्हा मिळवले. कोण होते त्या संघात? गिब्सन, कूल पापा बेल, विली वेल्स, रे डँड्रिज आणि क्यूबाचा मार्तिन दिहिगो. या पाचही जणांची नावे आज अमेरिकेतल्या कूपर्सटाउनच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये आहेत. पण त्या दिवसांत यातल्या एकालाही अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये खेळता येत नव्हते, कारण त्यांचा रंग काळा. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. मालकांनी आपसात पाळलेली ती गोष्ट होती. जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला १५ एप्रिल १९४७ ला. गिब्सन त्याच वर्षी जानेवारीत वारला, अवघ्या ३५ व्या वर्षी.

मेक्सिकोत काय वेगळे होते, ते विली वेल्सने १९४४ साली एका वार्ताहराला सांगितले होते. पगार जास्त होता हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे हव्या त्या हॉटेलात उतरता येते, हव्या त्या खानावळीत जेवता येते आणि लोक माणूस म्हणून वागवतात, असे त्याचे म्हणणे. आपल्या देशात मिळाली नाही ती मोकळीक त्याला शेजारच्या देशात मिळाली.

अर्थात सोडून येणे सोपे नव्हते. गिब्सन १९४१ मध्ये मेक्सिकोला गेला म्हणून अमेरिकेतल्या त्याच्या क्लबने, होमस्टेड ग्रेजने, त्याच्यावर १०,००० डॉलरचा दावा लावला. १९४२ साली तो परतला तेव्हा तो दावा मिटला.

१९४४ साली निळ्यांचे तिसरे विजेतेपद. मग आले १९४६. लढाई संपली होती आणि पास्केल लीगचा अध्यक्ष झाला होता. आता त्याने थेट अमेरिकेच्या मुख्य लीगमधले गोरे खेळाडू ओढायला सुरुवात केली. स्टॅन म्युझियलने मोठी रक्कम नाकारली. पण कार्डिनल्सचा पिचर मॅक्स लॅनियर आला, डॉजर्सचा कॅचर मिकी ओवेन आला आणि न्यूयॉर्क जायंट्सचा डॅनी गार्डेला आला. तिघेही वेराक्रूझच्या निळ्या संघात.

इथे एक कायद्याची भानगड समजून घ्यायला हवी. तेव्हा अमेरिकन बेसबॉलच्या प्रत्येक करारात 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचे कलम असे. करार एका वर्षाचा, पण ते वर्ष संपले तरी खेळाडूवर हक्क त्याच क्लबचा. क्लब देईल तो पगार घ्या, नाहीतर घरी बसा. दुसऱ्या क्लबशी बोलायचीसुद्धा सोय नाही. (एच-वन व्हिसावर पहिली वर्षे काढलेल्या पालकांना हे फार समजावून सांगायला नको! आपल्याला निदान दुसरी कंपनी शोधता येत होती.) गार्डेलाने तर १९४६ च्या करारावर सहीही केली नव्हती. तरी तो जायंट्सचाच, असे कायद्याचे म्हणणे.

कमिशनर हॅपी चँडलरने मेक्सिकोत गेलेल्यांवर पाच वर्षांची बंदी घातली. आई-बाबांना २००७ ची इंडियन क्रिकेट लीग आठवत असेल. तिकडे गेलेल्या खेळाडूंवर आपल्या बोर्डानेही अशीच बंदी घातली होती. मिकी ओवेन ऑगस्टमध्येच मेक्सिको सोडून परत गेला, चँडलरला विनंती केली, तरी बंदी उठली नाही. गार्डेलाचे हाल अधिक झाले. हौशी सामन्यातही त्याच्याविरुद्ध खेळणाऱ्यांना बंदीची भीती घालण्यात आली. शेवटी त्याने न्यूयॉर्कजवळच्या एका इस्पितळात आठवड्याला ३६ डॉलरवर मदतनिसाचे काम धरले.

आणि मग या गड्याने बेसबॉलवर खटला भरला. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली ठरवल्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागत नसे. खालच्या कोर्टाने खटला फेटाळला, पण १९४९ च्या फेब्रुवारीत अपील कोर्टाने तो चालवा असे सांगितले. मालक घाबरले. जूनमध्ये बंदी उठली आणि ऑक्टोबरमध्ये गार्डेलाशी पैसे देऊन तडजोड झाली. ते कलम पडायला १९७५ साल उजाडले, पण पहिला तडा इथे गेला. मेक्सिकोच्या धास्तीचा आणखी एक परिणाम म्हणजे मालकांनी किमान पगार ५,००० डॉलर केला आणि खेळाडूंना पेन्शन सुरू केली. त्याच सुमारास खेळाडूंची संघटना काढायचा प्रयत्न झाला होता, त्याचाही यात वाटा आहे.

मग पास्केल खेळाडूंचा तारणहार होता का? मला तसे वाटत नाही. लीगमधल्या सगळ्या खेळाडूंच्या नाड्या त्याच्या हातात होत्या आणि तो त्यांना मनाला येईल तसे या संघातून त्या संघात हलवत असे. रिझर्व्ह क्लॉजमधून सुटून आलेला माणूस इथे पुन्हा एकाच मालकाच्या मर्जीवर. पण काळ्या खेळाडूला त्याने पूर्ण पगार दिला आणि तो काळा आहे म्हणून कुठले दार बंद ठेवले नाही, हेही तितकेच खरे.

गंमत म्हणजे इतका पैसा ओतूनही १९४६ चे विजेतेपद टँपिकोने नेले. मैदाने लहान, तिकिटे स्वस्त आणि पगार अफाट. हिशेब कसा जुळणार? १९४८ नंतर बहुतेक अमेरिकन खेळाडू निघून गेले. १९५१ साली निळ्यांनी चौथे आणि शेवटचे विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर तो संघच बंद झाला. पास्केल १९५५ च्या मार्चमध्ये विमान अपघातात गेला. त्याच वर्षी पार्के देल्ताच्या जागी नवे मैदान उभे राहिले. २००० साली तेही पाडले आणि आता तिथे 'पार्के देल्ता' याच नावाचा मॉल आहे.

भिंतीवरच्या तक्त्यात १९४० आणि १९४२ च्या मधल्या जागेत आमच्याकडे आता पेन्सिलीने '३३, मेक्सिको' असे लिहिले आहे. ते अधिकृत नाही, हे लिहिणाऱ्याला सांगून झाले आहे.