जामहून निघा, पण पाणी ‘जाम’ होऊ देऊ नका!

समुद्रपुरात दिवाळी आटोपली की घरोघरी एक कार्यक्रम ठरलेला. कूलरचं पाणी काढायचं, पंप पुसून ठेवायचा, खस वाळवायची आणि कूलरवर जुनी चादर पांघरायची. हा आपला वैदर्भीय विंटर फंडा! पण घरच चाकांवर असेल आणि ते काश्मीरला निघालं असेल तर?

माझ्या मामेभावाने हप्त्यांवर घेतलेल्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची झकास कॅम्पर व्हॅन करून घेतली. बेड, सिंक, शॉवर, छोटा गीझर, सगळं टकाटक. समुद्रपूर तालुक्यातल्या जाम चौरस्त्यावरून जाणारा नॅशनल हायवे ४४ थेट श्रीनगरला पोचतो. मग काय, जानेवारीत स्वारी निघाली. ‘टाकी फुल्ल आहे. पाणी गोठलं तं वितळन ना!’ इति दादा.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान. तेव्हा श्रीनगरात घरातले नळही गोठतात. सकाळी व्हॅनच्या नळाला थेंब नाही. दुपारी बर्फ वितळला आणि सिंकखालून कारंजं सुरू! प्लाय फुगलं, गाद्या भिजल्या, पंप गेला. हप्ता मात्र वेळेवर कापला गेला.

असं का होतं?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भरलेल्या पाइपात त्याला जागा नसते, मग जॉइंट, नळ नाहीतर गीझरची टाकी फुटते. बर्फ असेपर्यंत भेग बुजलेली राहते, गळती कळते वितळल्यावर.

आपल्याकडे ही भीती नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हाही तो शून्याच्या वरच होता. पण राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, आणि व्हॅन घेऊन हिमालय गाठायची हौस कुणाला नाही? तेव्हा बॉस, हे कराच.

व्हॅनला स्वेटर घाला

* पंप आणि गीझर बंद करा. गीझरचं पाणी गार झाल्यावरच त्याचा ड्रेन प्लग उघडा, नाहीतर हात भाजेल.
* सगळ्या टाक्या रिकाम्या करा. गार-गरम दोन्ही नळ, शॉवर, फ्लश उघडा. फिल्टरचं कार्ट्रिज काढून घ्या.
* उरलेलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेर ढकला. प्रेशर कारच्या टायरइतकंच, ३० ते ४० पीएसआय. जास्त दिलंत तर बर्फाचं काम तुम्हीच कराल!
* गाडी थंडीत बरेच दिवस उभी राहणार असेल तर गीझर बायपास करा. पिण्याच्या पाण्याच्या लाइनसाठीचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं अँटिफ्रीझ पंपाने खेचून घ्या. प्रत्येक नळातून रंगीत द्रव आला की काम फत्ते. सिंक आणि शॉवरखालच्या वाकड्या पाइपातही कपभर ओता.
* इंजिनाचं कूलंट इथे चुकूनही नको. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, आणि ते विष आहे.
* प्रवास चालूच असेल तर पिण्याचं पाणी कॅनमध्ये, गाडीच्या आत उबेत ठेवा. परतल्यावर लाइन स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, मगच प्या.

आणि दादा? नवे पाइप बसवून झाले तेव्हा मामीने एकच प्रश्न विचारला, ‘कूलरचं पाणी काढाले तं कधी विसरत नाहीस, मंग गाडीचं कसा विसरला रे?’

दादा अजून उत्तर शोधतोय.